लग्न गरिबाचे, माप सावकाराचे



मी खेड्यातील शाळामास्तर. मराठी ट्रेनिंग कॉलेजात शिकलो आणि वीस-बावीस वर्षे पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवीत आलो. कायद्याचा पंडित नव्हे. पण काही कायदे असे असतात की त्यांतला अन्याय ओळखावयास पंडित लागत नाही. बेरीज येणारा मनुष्य पुरतो. तसल्याच एका कायद्याविषयी आज लिहावयाचे आहे. कायदा विलायतेचा आहे. परंतु त्याची झळ आमच्या गावच्या कुंभारआळीपर्यंत येऊन पोहोचली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२५ च्या जूनात आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. आई आमच्या गावच्या कुंभाराची लेक, माझीच एके काळची विद्यार्थिनी. बाप इंग्लंडचा गोरा. हजेरीपटावर नाव घालताना मी विचारले, "बाळ, वडील कोठे असतात?" मुलगा म्हणाला, "फोनात." वर्ग हसला. मला हसू आले नाही.

हकीकत अशी. मुलगी हिशेबात हुशार. बी. कॉम. होऊन पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर हिशेबनीस म्हणून गेली. त्याच जहाजावरच्या दुकानात हा गडी माल विकीत असे. ओळख झाली, मने जुळली, २०१८ साली दोघांनी आपल्याच जिल्ह्याच्या कचेरीत रजिस्टर पद्धतीने लग्न लावले. मुलीच्या बापाने आधी डोक्याला हात लावला, मग जावयाला भाकरी-ठेचा खाताना पाहून म्हणाला, "माणूस बरा हाय. रंगाचं काय, भाजल्यावर समदी मडकी तांबडीच." २०१९ साली मुलगी बाळंतपणास माहेरी आली. २०२० च्या मार्चात करोनाच्या साथीने जगातील अशी सारी जहाजे किनाऱ्यास लागली. नवरा इंग्लंडात अडकला, नोकरी गेली. पुढे तीन वर्षे मिळेल ते काम, आज आहे तर उद्या नाही. अखेर २०२३ च्या डिसेंबरात एका गोदामात कायमची नोकरी लागली. आठवड्यास चाळीस तास, मजुरी कायद्याने ठरलेली किमान. आता बायकोपोराला घेऊन जाईन, असे त्याने कळविले. कुंभाराच्या घरी पुरणपोळी झाली.

पुरणपोळी फुकट गेली. कशी ती ऐका.

विलायत सरकारचा नियम असा की, तेथील नागरिकाने परदेशी बायको किंवा नवरा घरी आणावयाचा असेल तर आधी आपले सालीना उत्पन्न दाखवावे. हे माप २०१२ च्या जुलैत प्रथम बसविले, तेव्हा ते १८,६०० पौंडांचे होते. आमच्या जावयाची मजुरी त्या मापात बसत होती. परंतु नोकरदाराने एकाच धन्याकडील सहा महिन्यांची पगारपत्रके जोडावी लागतात. डिसेंबरापासून सहा महिने मोजले की जून येतो. जून उजाडण्यापूर्वीच, ११ एप्रिल २०२४ रोजी, सरकारने माप १८,६०० वरून एकदम २९,००० पौंडांवर नेले. शर्यतीत धावणारा गडी खांबाजवळ पोहोचला, तो पंचाने खांबच उचलून पुढे नेऊन पुरला. आणि हा खांब तेथेही थांबावयाचा नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात गृहमंत्र्यांनी जाहीर केलेला आकडा ३८,७०० चा होता. २०२४ च्या जुलैत सत्तापालट झाला, नव्या सरकारने पुढची वाढ थांबवून नियम तपासावयास समितीकडे दिला, म्हणून तेवढे टळले. पण २९,००० चा खांब उपटून कोणी मागे नेला नाही.

वाचकहो, आता पाटी घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा. एप्रिल २०२४ मध्ये त्या देशातील किमान मजुरी तासाला ११ पौंड ४४ पेन्स होती. आठवड्याचे चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, म्हणजे २,०८० तास. गुणाकार केला तर होतात २३,७९५ पौंड. एप्रिल २०२५ मध्ये मजुरी १२ पौंड २१ पेन्स झाली. तेव्हा होतात २५,३९७. मनुष्याने वर्षभर एकही दिवस न चुकता, सरकारनेच ठरविलेल्या दराने राबावे, आणि त्याच सरकारच्या मापात साडेतीन हजारांहून अधिक पौंड कमी भरावे! एक हात म्हणतो, इतकी मजुरी म्हणजे पोटापुरती न्याय्य मजुरी. दुसरा हात म्हणतो, इतक्या मजुरीत तुला बायको पोसता येणार नाही, सबब ती आणू नकोस. दोन्ही हात एकाच धडाचे आहेत. यांतला खरा कोणता समजावा?

बरे, उत्पन्न कमी असेल तर साठविलेला पैसा दाखवा, असे नियमात आहे. हे ऐकून बरे वाटते. पण त्याचाही हिशेब करा. पहिले १६,००० पौंड तर खिजगणतीतच नाहीत. त्यावरचा जो पैसा असेल त्यास अडीचने भागून जे येईल तेवढीच तूट भरली असे समजतात. उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५०० पौंड सहा महिने आपल्या नावावर ठेवून दाखवावे लागतात. आपल्या रुपयांत ही रक्कम कोटीच्या आसपास जाते. ज्याच्याजवळ कोटभर रुपये शिलकीत आहेत तो गोदामात पेट्या कशाला वाहील?

आणि उत्पन्न कोणाचे मोजतात तेही पहा. पहिल्या अर्जाच्या वेळी येथे राहणाऱ्या बायकोची येथली कमाई मोजीत नाहीत. तिने तेथे जाऊन काय मिळविले असते तेही मोजीत नाहीत. नोकरीचे पत्र हातात असले तरी ते कागदाचा तुकडा. सासरा किंवा दीर म्हणाला की मी हमी घेतो, तर तीही सहसा धरीत नाहीत. अमेरिकेचे सरकार काही साधुसंतांचे नव्हे, परंतु तेथे दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखविले की बहुतेकांचे भागते आणि ते नसेल तर दुसरा मनुष्य जामीन राहू शकतो. आमच्याकडे तर सावकारसुद्धा जामीन घेतो. विलायतेच्या या मापाला तेवढीही रीत नाही.

याशिवाय दाराची पट्टी वेगळीच. एप्रिल २०२५ च्या दराने बाहेरून करावयाच्या अर्जाची फी १,९३८ पौंड. सरकारी दवाखान्याचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तो पहिल्या पावणेतीन वर्षांसाठी आगाऊ ३,१०५ पौंड. मिळून ५,०४३ पौंड, म्हणजे साडेपाच लाख रुपयांच्या पुढे. एवढे भरून जे मिळते ते कायमचे राहणे नव्हे. पावणेतीन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा पगारपत्रके. पाच वर्षे अशी काढली तर कायम राहण्याचा अर्ज करता येतो, त्याची फी आणखी निराळी. बलुतेदाराने खळ्यावर जावे आणि प्रत्येक सुपामागे नवा हिस्सेदार उभा असावा, तशातली गत.

आता या नियमाची बाजू घेणारे काय म्हणतात तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांची म्हणणी तीन आहेत.

पहिले म्हणणे: परदेशी बायकोचा भार सरकारी खजिन्यावर पडेल. ऐकावयास हे व्यवहाराचे वाटते. परंतु त्याच सरकारचा दुसरा नियम असा आहे की, अशा रीतीने आलेल्या नवऱ्यास किंवा बायकोस कायम राहण्याचा हक्क मिळेपर्यंत सरकारी मदतीचा भत्ता मागता येत नाही. परवान्यावरच तसे बजावलेले असते. दवाखान्याचा पैसा तर आगाऊच घेतला. मग भार कसला? ज्याला ताटच वाढावयाचे नाही, तो जास्त जेवील म्हणून त्यास दारात अडवावयाचे, ही कोणती पंक्ती? कोणी म्हणतात, पाच वर्षांनी हक्क मिळाल्यावर भार पडेल. पण त्या पाच वर्षांत ती बाई कामास लागून करही भरू लागलेली असते. आमची ही मुलगी हिशेबनीस आहे. तिला तेथे जाऊ दिले असते तर दोघांच्या मिळकतीत ते २९,००० केव्हाच मागे पडले असते. एकट्या बापाला मूल सांभाळावयाचे झाले तर तो पूर्ण वेळ काम करू शकत नाही. दोघे असली तर एक कामावर, एक घरी. दोन बैलांची गाडी एका बैलाने ओढावयास लावावयाची आणि वर म्हणावयाचे की गाडी हळू चालते!

दुसरे म्हणणे: खोटी लग्ने होतात. होत असतील. खोटे नाणेही बाजारात येते. म्हणून गरिबाचे खरे नाणे घ्यावयाचे नाही असा कायदा कोणी करीत नाही. खरे-खोटे तपासावयाचे असेल तर खुशाल तपासा. लग्नाचा दाखला पहा, मुलाचा जन्मदाखला पहा, सात वर्षांची पत्रे आणि फोन पहा. पण उत्पन्नावरून लग्नाचा खरेपणा कसा कळतो? श्रीमंताचे लग्न खरे आणि हमालाचे खोटे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

या संशयाला मोठा इतिहास आहे, तो आमच्या आयाबहिणींनी मुद्दाम ऐकावा. १८७० च्या कायद्यापासून १९४८ पर्यंत ज्या इंग्रज बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केले तिचे स्वतःचे नागरिकत्वच जात असे. पुरुषाने परदेशी बायको केली तर त्याचे काही जात नसे. म्हणजे बाई ही दावणीची गाय. ज्याच्या दावणीला बांधली त्याची. पुढे हे गेले, पण रोग गेला नाही. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय बाईची, ती खरोखरच कुमारिका आहे की नाही हे पाहण्यासाठी, अंगतपासणी करण्यात आली. ती बाई पेशाने शिक्षिका होती. माझ्याच पेशाची ती बहीण. अधिकाऱ्यांचा हिशेब असा की, वाग्दत्त वधूला आधी परवाना लागत नाही आणि बायकोला लागतो. तेव्हा ही लग्न झालेली असून कुमारिका म्हणून तर शिरत नाही ना! वर्तमानपत्रात बोभाटा झाला तेव्हा ती चाल बंद केली. ती बाई एकटी नव्हती. सरकारी कागद धुंडाळून दोन संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, अशा तपासण्या किमान ऐंशी झाल्या होत्या. लग्न खरे की खोटे हे पाहावयाच्या नावाखाली मनुष्य कोठवर उतरतो त्याचा हा दाखला आहे.

१९८० नंतर आणखी एक नियम आला. परदेशी नवऱ्याने सिद्ध करावे की, आपण लग्न केले ते मुख्यतः विलायतेत शिरण्यासाठी नव्हे. आता मनातला हेतू कागदावर सिद्ध कसा करावयाचा? मूल झाले तरी अधिकारी म्हणे, हेतूचा पुरावा दाखवा. त्याचा जाच भारत-पाकिस्तान-बांगलादेशातील जावयांनाच अधिक झाला. १९९७ साली तो नियम काढून टाकला. त्याच्या आधी १९८५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तीन बायकांच्या खटल्यात निकाल दिला होता की, पुरुषाला बायको आणणे सोपे आणि बाईला नवरा आणणे अवघड, हा बाई म्हणून केलेला भेद आहे. सरकारने भेद मिटविला खरा. कसा? बायकांची वाट सोपी करून नव्हे, तर पुरुषांचीही वाट अवघड करून! एका मुलाच्या ताटात भाकरी कमी पडली अशी तक्रार येताच दुसऱ्याच्या ताटातली काढून घेणारा हा कारभारी.

म्हणून आमचे म्हणणे असे की, संशयाचे हत्यार काळाप्रमाणे बदलत गेले. आधी बाईचे नागरिकत्व, मग बाईचे अंग, मग नवऱ्याचे मन, आणि २०१२ पासून दोघांचा खिसा. खिसा तपासणे सभ्य दिसते, एवढाच काय तो फरक. अंगाला हात लागला तर जग ओरडते. खिशाला लागला तर लोक म्हणतात, नियम आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे: त्यांचे घर, त्यांनी कोणास घ्यावे ते त्यांनी ठरवावे. याला मी सरळ उत्तर देतो. हो, घर त्यांचे आहे. पण हा गोदामातला गडी कोणाचा? तो त्याच घरचा मुलगा नव्हे काय? तेथेच जन्मला, तेथेच राबतो, तेथेच कर भरतो. प्रश्न परक्याला घरात घेण्याचा नाही. घरच्या मुलाला संसार करू द्यावयाचा की नाही, हा आहे. त्याला सरकार सांगते, बायकोबरोबर राहावयाचे असेल तर देश सोड. त्याच्या धन्याला मात्र कोणी तसे सांगत नाही, कारण धन्याचे उत्पन्न मापाच्या वर आहे. एकाच देशाचे दोन नागरिक. एकाला बायको आणण्याचा हक्क, दुसऱ्याला तो नाही. आणि मधली भिंत पैशाची. बाई असेल तर भिंत आणखी उंच, कारण लेकरे सांभाळून अर्धा वेळ काम करणारी बाई ते माप कधी गाठणार?

मुलाचे तर विचारूच नका. बाप इंग्रज म्हणून या पोराला विलायतेचा पासपोर्ट मिळतो. म्हणजे पोर जाऊ शकते, आई जाऊ शकत नाही. आता त्या सहा वर्षांच्या जिवाने आई सोडावी की बाप? इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा घरांना 'स्काइप कुटुंबे' म्हटले होते, आणि सुमारे पंधरा हजार मुलांना या नियमाची झळ बसली असावी असा अंदाज दिला होता. आमच्या वर्गातल्या पोराने "फोनात" म्हटले ते त्या अहवालाहून वेगळे काय?

न्यायासनाकडे लोक गेले नाहीत असे नाही. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अनेकांना या नियमाने कष्ट होतात हे न्यायमूर्तींनी मान्य केले, तरी उत्पन्नाची अट मुळातच बेकायदा आहे असे म्हटले नाही. मात्र मुलांच्या हिताचा विचार नियमात नीट केलेला नाही, असे बजाविले. त्यावर नियमात अपवादाचे कलम घातले गेले. पण अपवाद मागावयास वकील लागतो, वकिलास पैसा लागतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्यासाठीच अपवाद आहे. विहिरीला दोर हवा, आणि दोर विहिरीच्या तळाशी.

एक चोरवाट होती, तीही आता बुजली. एका भारतीय नवऱ्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९९२ साली ठरविले की, इंग्रज नागरिक युरोपातील दुसऱ्या देशात जाऊन खरोखर नोकरीधंदा करून परत आला, तर त्याच्या बायको-नवऱ्यास युरोपच्या कायद्याने बरोबर येता येते. म्हणून कित्येक जोडपी आयर्लंडात काही महिने राबून मग घरी परतत. स्वतःच्या घरात शिरण्यासाठी शेजारच्या परसातून उडी! विलायत युरोपच्या संघातून बाहेर पडली आणि तेही परसदार बंद झाले.

सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने जून २०२५ च्या अहवालात ३८,७०० चे माप लावू नये असे सांगितले, आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्या किमान मजुरीच्या माणसालाही गाठता येईल असे, २३ ते २५ हजारांचे माप हा एक पर्याय मांडला. म्हणजे मी पाटीवर जो गुणाकार केला तोच पंडितांनी अहवालात केला. पण अहवालाने चूल पेटत नाही. एवढ्याने आमचे समाधानही नाही. माप कमी करणे ठीक. परंतु जोडप्याने एकत्र राहावे की नाही हे मुळी मापाने ठरावयाचेच नाही. दोघेजण कामाला तयार आहेत, लग्न खरे आहे, कोणी गुन्हेगार नाही, इतके पुरे असले पाहिजे.

पैशाने दरवाजे कसे उघडतात ते आम्ही इकडेही पाहिले आहे. इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी गादी सोडल्यावर १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईशी लग्न केले. सनातन्यांनी ओरड केली. पण एका शंकराचार्यांच्या हस्ते शुद्धी झाली, बाईंचे नाव शर्मिष्ठादेवी ठेवले, आणि धनगर समाजाने सून आपली म्हणून पदरात घेतली. समाजाने सुनेला पदरात घेतले, त्याचे आम्हास कौतुकच आहे. पण विचार करा, नवरा महाराज नसता, मेंढरामागचा धनगर असता, तर एवढी पीठे हलली असती काय?

आता विलायतेला चार शब्द सुनावले, तेव्हा आपलेही अंगण झाडले पाहिजे. आपल्या देशाचा कायदा परदेशी नवऱ्यास उत्पन्नाचे माप लावीत नाही, ही चांगली गोष्ट. लग्नाची नोंद होऊन सलग दोन वर्षे संसार टिकला की त्यास ओसीआय कार्ड मागता येते. आमचा जावई येथे येऊन राहू शकतो, आणि कदाचित येईलही. पण ते त्या दोघांनी ठरवावयाचे. विलायतेच्या कारकुनाने हाकलले म्हणून नव्हे.

तथापि आमच्याही कपाटात सांगाडे नव्हेत, पण जुनी जाती आहेत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात लग्नावरून नागरिकत्व मिळे ते फक्त परदेशी बायकांना. भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला तो रस्ता १९८६ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हता. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व १९९२ पर्यंत बापाकडूनच मिळे, आईकडून नाही. आणि ज्याचे आईबाप किंवा आजाआजी कधी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक होते, त्याला ओसीआय कार्डाचे दार बंदच आहे. सासरचे लोक बरे असोत वा नसोत, आजोबाचा देश पाहून जावयाला नापास करणे, ही कोणती परीक्षा?

आणखी एक. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करावयाचे तर नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस कचेरीत लावतात, आणि वाटेल त्याला हरकत घेता येते. आमच्या या मुलीची नोटीस लागली तेव्हा तिच्या भावकीतला एक शहाणा, जो तिच्या शिक्षणाला कधी एक पैसा द्यावयास आला नव्हता, तो हरकत घेऊन कचेरीत पोहोचला. हरकत टिकली नाही. पण महिनाभर त्या घराची झोप गेली. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात तिसऱ्याने मधे उभे राहून दक्षिणा मागावी, ही चाल मोडावी म्हणून जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीवाचून लग्ने लावून दाखविली. मधला भटजी गेला. त्याच्या जागी कचेरीतला नोटिसीचा फळा आणि विलायतेचा तराजू येऊन बसावा, हे आम्ही का सोसावे?

ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. लग्नाची नोंद करून दाखल्याच्या दोन-तीन नकला ठेवा. पगारपत्रके, बँकेचे उतारे, एकमेकांना भेटावयास गेल्याची तिकिटे, पत्रे, काहीही फेकू नका. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवसाचा नियम सरकारच्या अधिकृत जागी वाचा किंवा वाचता येणाऱ्याकडून वाचवून घ्या; नियम मधेच बदलतो हे वर पाहिलेच. परवाना हमखास काढून देतो असे म्हणणाऱ्या दलालास दारात उभा करू नका. पडलेला अर्ज उचलता येतो, खोटा कागद जोडलेला अर्ज माणसाला बुडवितो.

परवा त्या पोराची आजी शाळेत आली होती. मी नियम समजावून सांगत होतो. इतके पौंड, तितके महिने. म्हातारीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्यात पावण्याला इचारत्यात, येताना काय आणलंस? पर पोराच्या बापाला कुनी इचारतंय व्हय?" मी गप्प बसलो. वीस वर्षे शाळेत शिकवितो. पण त्या दिवशी मीच शिकून घरी आलो.

विलायतेचे मायबाप सरकार आमचे पत्र वाचणार नाही, हे ठाऊक आहे. पण तेथील हमाल, गाडीवान, गोदामातला मजूर आणि आमचा कुंभार, यांना एकच तराजू तोलीत आहे, एवढे तरी आमच्या वाचकांना कळावे. ज्या दिवशी तिकडच्या मजुराला कळेल की हा नियम परदेशी बायकोच्या विरुद्ध नसून आपल्याच गरिबीच्या विरुद्ध आहे, त्या दिवशी तराजूची दांडी हलेल. तोवर हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे मी वडिलांचे नाव पूर्ण लिहिले आहे. पत्त्याची जागा कोरी ठेवली आहे.

आपला नम्र,
एक खेड्यातील शाळामास्तर